बंद पडलेल्या कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा का?

दर्यापूर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलं आहे: "अमरावतीला एक निवृत्त प्राध्यापक आपला सान्सुईचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, पट्ट्यावर चालणारा टर्नटेबल आणि कॉस्मिकच्या स्पीकरची जोडी विकत आहेत. तिन्हीचे मिळून २२,००० रुपये सांगतात. घरी वडिलांच्या साठेक रेकॉर्डी आहेत, त्या ऐकायच्या आहेत. गावच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमालाही सेट वापरता येईल असं मनात आहे. पण दोन्ही कंपन्या आता नाहीत. गावातला मेकॅनिक म्हणतो, 'कंपनीच राह्यली नाही, तं याले सुधारीन कोन?' घेऊ की नको?"

भाऊ, तुमच्या मेकॅनिकची शंका खरी आहे, पण ती अर्ध्यावर थांबते. मी तालुक्याच्या ठिकाणी ३० वर्षांपासून अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर सुधारतो. कंपन्या जोरात चालू होत्या तेव्हाही त्यांचं सर्व्हिस सेंटर नागपूरला, नाहीतर थेट मुंबईला. आपल्याकडचा माणूस पेरणी सोडून तिथवर सेट घेऊन जायचा नाही. तो माझ्याकडे यायचा, आणि मी बाजारात मिळणारे पार्ट घालून सेट चालू करून द्यायचो. त्यामुळे कंपनी चालू आहे की बंद, हे मी नंतर पाहतो. आधी पाहतो ते हे, की झाकण उघडल्यावर आत जे दिसतं त्यातलं काय फक्त त्या कंपनीनेच बनवलं होतं आणि काय कोणाकडेही मिळतं. जे कोणाकडेही मिळतं त्याच्यावर चालणारा सेट कंपनी गेल्यावरही ५० वर्षं चालतो. जे एकट्या कंपनीचं होतं, ते कंपनीबरोबर गेलं.

तुमच्या सेटच्या बाबतीत माझं उत्तर "घ्या" असं आहे, पण २२,००० ला नाही आणि तपासल्याशिवाय तर नाहीच.

आधी सान्सुईबद्दल. ही कंपनी १९४७ मध्ये टोकियोत सुरू झाली, सुरुवात ट्रान्सफॉर्मरपासून. सत्तरच्या दशकातले तिचे काळ्या तोंडाचे, एयू मालिकेतले अ‍ॅम्प्लिफायर आजही जगभर लोक शोधत फिरतात. २०१४ मध्ये तिचं दिवाळं निघालं. पण तिचं नाव त्याआधीच वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या लोकांनी घेतलं होतं. आपल्याकडे सान्सुई नावाचे टीव्ही घरोघरी होते, त्यांचा त्या जपानी अ‍ॅम्प्लिफायरशी नावापलीकडे संबंध नाही. म्हणून कोणी म्हणालं की "सान्सुई तर चालू आहे, सर्व्हिस मिळते", तर त्यावर जाऊ नका. टीव्हीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या पोराने हा अ‍ॅम्प्लिफायर आयुष्यात पाहिलेला नसतो. अकाईचं असंच आहे, नाकामिचीचंही असंच. जुनी कंपनी बुडाली, नाव विकलं गेलं, आणि आज त्या नावाखाली भलतीच वस्तू मिळते. ओन्क्यो तर अगदी परवापरवापर्यंत चालू होती, २०२२ मध्ये तिनेही दिवाळं जाहीर केलं.

आता आतलं. सत्तरच्या दशकातला चांगला अ‍ॅम्प्लिफायर सुट्या भागांचा असतो. ट्रान्झिस्टर वेगळे, रेझिस्टन्स वेगळे, कंडेन्सर वेगळे, प्रत्येकावर नंबर छापलेला. एखादा आउटपुट ट्रान्झिस्टर गेला आणि तो मूळ नंबर आज बनत नसला, तरी त्याच्या तोडीचा किंवा त्याहून दणकट दुसरा मिळतो. टूएन ३०५५ हा साठच्या दशकातला ट्रान्झिस्टर आजही दुकानात मिळतो. जास्त व्होल्टेजच्या सेटला एमजे १५००३ आणि एमजे १५००४ ची जोडी त्याच धातूच्या टोपीत, त्याच भोकांवर बसते. सान्सुईची सर्व्हिस मॅन्युअलं लोकांनी स्कॅन करून इंटरनेटवर ठेवली आहेत. मॉडेल नंबर मागच्या बाजूला पत्र्यावर असतो. प्राध्यापकांकडून फक्त त्याचा फोटो मागवा आणि त्या नंबरचं मॅन्युअल मिळतं का ते अमरावतीला जायच्या आधी पाहा. मॅन्युअल मिळालं म्हणजे अर्धी कंपनी तुमच्या हातात आली.

ऐंशीच्या दशकापासून चित्र बदलतं. बऱ्याच कंपन्यांनी पैसे वाचवायला आउटपुटला सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी एसटीके मालिकेचा एकच जाडजूड मॉड्यूल घालायला सुरुवात केली. ते सान्यो बनवायची. सान्योचा तो धंदा २०११ मध्ये अमेरिकन कंपनीकडे गेला आणि जुने नंबर बनणं बंद झालं. आज त्या नंबरचं जे बाजारात मिळतं त्यात नकली माल फार. वरचा छाप हुबेहूब, आणि आवाज वाढवला की पहिल्याच गाण्याला फट्ट. म्हणून सेट उघडल्यावर हीट सिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) लागून लांब काळा ठोकळा आणि त्यातून पायांची रांग निघालेली दिसली, तर किंमत निम्म्यावर आणा. सुटे ट्रान्झिस्टर दिसले तर बोलणी पुढे न्या.

या हिशेबात वय उलटं चालतं, हे पुष्कळांना पटत नाही. साठच्या दशकातला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर आणला तर मला आनंद होतो, कारण ईएल ३४, ईएल ८४, ईसीसी ८३ हे व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया आणि रशियात अजून बनतात आणि पोस्टाने घरी येतात. (ते उघडताना मात्र सांभाळा. बंद केल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये ३०० ते ४०० व्होल्ट बसलेले असतात.) त्यानंतरचे जर्मेनियम ट्रान्झिस्टरवाले सेट, एसी १२८ किंवा एडी १४९ असे नंबर असलेले, मी शक्यतो घेऊ देत नाही. पार्ट दुर्मिळ, आणि जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. जसजसं तापमान चढतं तसतसा तो आतून जास्त करंट गळू देतो, त्याने तो आणखी तापतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, खोलीतच ४२ अंश असताना, तो सेट संध्याकाळपर्यंत टिकेल याची खात्री मी देत नाही. आणि काही कारखाने ट्रान्झिस्टरवरचा खरा नंबर खरडून टाकायचे किंवा स्वतःचाच गुप्त नंबर छापायचे, म्हणजे दुसऱ्याला दुरुस्ती जमू नये. असा सेट कंपनी गेल्यावर खरोखर अनाथ होतो. कॉस्मिकचे तुम्ही फक्त स्पीकरच घेताय, तिथे हा प्रश्न येत नाही.

सगळ्यात वाईट अनुभव मात्र जुन्या वस्तूचा नाही, नव्या वस्तूचा आहे. तो सांगतो, कारण तुमच्या मंडळाचंही यात आहे. आमच्या बाजूच्या एका भजनी मंडळाने वर्गणी काढून एका नव्या कंपनीचा ताकदीचा स्पीकर-सेट घेतला होता. आतच अ‍ॅम्प्लिफायर, आतच मिक्सर, मोबाइलच्या अ‍ॅपवरून सगळं चालायचं. दुसऱ्या वर्षी कंपनी बंद. तिसऱ्या वर्षी डिजिटल बोर्ड गेला आणि सप्ताह चार दिवसांवर. मंडळातले एक आजोबा स्वतः तो डबा बैलगाडीत घालून माझ्याकडे घेऊन आले. मी उघडला. आत एक छोटी चिप, तिच्यात कंपनीचा प्रोग्राम, आणि तो प्रोग्राम जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. स्पीकर ठणठणीत, ट्रान्सफॉर्मर ठणठणीत, लाकूड चांगलं, आणि त्या नखाएवढ्या चिपपायी सगळं मुकं. शेवटी मी आतला बोर्ड काढून टाकला, बाजारातला साधा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड बसवला, पुढे आवाजाचे दोन बटण लावले. सप्ताह झाला. पण मिक्सर गेला, अ‍ॅप गेलं, ज्यासाठी गावाने जादा पैसे मोजले होते ते सगळं गेलं. त्या आजोबांचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून म्हणतो, ज्या वस्तूला चालायला अ‍ॅप लागतं, किंवा जिची टच-पट्टी आणि डिस्प्ले गेल्यावर आवाजही कमीजास्त करता येत नाही, ती बंद कंपनीची असेल तर फुकट दिली तरी विचार करा. ५० वर्षांपूर्वीचा सान्सुई तिच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

एखादा दुकानदार "सीलपॅक आहे, कंपनी बंद व्हायच्या आधीचा स्टॉक" असंही सांगेल. सीलपॅक म्हणजे ताजा नव्हे. टर्नटेबलचा पट्टा, स्पीकरचा फोम, कंडेन्सरमधलं रसायन, हे सगळं खोक्यात पडूनही म्हातारं होतं. कंडेन्सर तर न वापरता ठेवला की जास्त बिघडतो. असा माल घ्यायचाच असेल तर दुकानदाराची स्वतःची हमी बिलावर लिहून घ्या. कंपनीचं वॉरंटी कार्ड असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

आता अमरावतीला जाल तेव्हा काय करायचं.

बरोबर डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, एखादा जुना कामचलाऊ स्पीकर, घरची एक रेकॉर्ड आणि मोबाइल लावायची तार घेऊन जा. आणि एक सीरिज बोर्ड. हा तुमच्या मेकॅनिककडे असेल, नसेल तर १०० रुपयांच्या आसपास घरीच होतो: एक होल्डर, एक सॉकेट, आणि फेजच्या तारेत मध्येच १०० वॉटचा बल्ब. बल्ब जुन्या पद्धतीचा, आत तार असलेला हवा. एलईडी चालत नाही.

प्राध्यापकांना पहिला प्रश्न विचारा: शेवटचा कधी लावला होता? रोज लावत असतील तर सरळ चालू करा. दोन-चार वर्षं बंद असेल तर त्यांना आधीच फोनवर सांगा, "सर, मी येईपर्यंत चालू करू नका." वर्षानुवर्षं पडून असलेल्या सेटला एकदम २३० व्होल्ट दिले की मुख्य कंडेन्सर फुगतात, आणि चांगला सेट पाहण्याच्या नादातच मरतो. स्पीकर काढून ठेवा, सेट सीरिज बोर्डवर लावा, चालू करा. बल्ब क्षणभर भगभगून मंदावला तर ठीक. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मग बंद करा आणि भावाची बोलणी त्याप्रमाणे करा.

त्याआधी मागचं व्होल्टेज सिलेक्टर पाहा. त्या काळात परदेशी मालावर आपल्याकडे जबर कर होता, म्हणून असे सेट बहुतेक गल्फमधून किंवा सिंगापूरहून कोणाच्या तरी सामानात आले. त्यांच्यावर ११०, २२०, २४० असं निवडायची सोय असते. काटा २२० वर असेल तर २४० वर घ्या, गावाकडे रात्री व्होल्टेज चढतं तेव्हा तेवढीच सवलत मिळते. सिलेक्टरच नसेल आणि पाठीवर फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल, तर तो सेट जपानच्या घरगुती वापराचा आहे. त्याला वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल आणि कोणी चुकून सरळ बोर्डात खुपसला तर संपला. घरात लहान मुलं, पाहुणे असतात. मी तो घेणार नाही.

मग फ्यूज काढून पाहा. हा माझा आवडता तपास आहे, मिनिटभराचा. फ्यूजवर तार गुंडाळलेली किंवा चंदेरी कागद लावलेला दिसला, तर या सेटमध्ये काहीतरी वारंवार जळत होतं आणि कोणीतरी ते दाबून टाकलं. झाकणाच्या स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर आत किती हात फिरलेत ते कळतं. झाकण उघडायची परवानगी मागा. चांगला माणूस नाही म्हणणार नाही. आत वास घ्या. ट्रान्सफॉर्मर जळाला असेल तर वार्निशचा करपट वास वर्षानुवर्षं जात नाही. बोर्डावर कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी, काचेसारखा कडक डिंक दिसतो का पाहा. त्या काळातल्या बऱ्याच जपानी सेटमध्ये भाग हलू नयेत म्हणून एक पिवळट डिंक लावायचे. जुना झाला की तो तपकिरी होतो, शेजारच्या भागांचे पाय खातो आणि थोडा करंटही वाहू देतो. तो खरवडून काढला की कित्येक "असाध्य" सेट माझ्या टेबलावर बरे झाले आहेत. त्याला घाबरू नका, पण मजुरी धरा.

सेट २० मिनिटं चालू राहू द्या, मग मीटर डीसीच्या मिलिव्होल्टवर लावून स्पीकरच्या दोन टर्मिनलवर धरा. आवाज शून्यावर, स्पीकर जोडलेला नको. डावा वेगळा, उजवा वेगळा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम. शंभराच्या वर गेला तर आत समायोजन किंवा एखादा पार्ट लागेल. काही व्होल्ट किंवा वीस-तीस व्होल्ट दिसले, तर आउटपुट शॉर्ट आहे आणि स्पीकर लावला असता तर त्याची कॉइल तिथेच जळाली असती. हे एक रीडिंग घेतल्याशिवाय त्यांच्याकडचे स्पीकर जोडू नका, तेही तुम्हालाच घ्यायचे आहेत. मग तुमचा कामचलाऊ स्पीकर लावा, मोबाइल मागच्या ऑक्स नावाच्या सॉकेटवर लावा (फोनोवर नाही, ते रेकॉर्ड प्लेअरचं) आणि प्रत्येक बटण फिरवा. खरखर आली तर ती कॉन्टॅक्ट साफ करायच्या फवाऱ्याने जाते. एक बाजू मधूनच गायब होऊन आवाज वाढवल्यावर परत येत असेल तर रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेत, रिले बाजारात मिळतो. ट्रान्सफॉर्मर हा एकच भाग मला काळजीचा वाटतो, आणि तोही सुटतो: आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला पंपाच्या मोटरी भरणारा असतो, त्यातला निगुतीने काम करणारा असेल तर तो हाही भरतो. फक्त जुनी कॉइल सोडवताना वेढे मोजायला आणि प्रत्येक वायंडिंग कुठे जातं ते लिहून ठेवायला सांगा. गोल, टोरॉइड प्रकारचा असेल तर मात्र हाताने तो भरणं अवघड.

एवढं सगळं ठीक निघालं तरी मुख्य कंडेन्सर आणि बोर्डावरचे छोटे इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर बदलायचेच असं समजून चाला. साधा कंडेन्सर ८५ अंशांवर दोनेक हजार तासांसाठी बनवलेला असतो. तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य साधारण दुप्पट, वाढलं की निम्मं. वऱ्हाडातला उन्हाळा हा असा थेट त्यांच्या आयुष्यात शिरतो. १०५ अंशांचे, नावाजलेल्या कंपनीचे घ्या. किलोवर मिळणारे स्वस्त घेऊन पुन्हा पाच वर्षांनी तेच काम करण्यात अर्थ नाही.

टर्नटेबलला सोपी कसोटी आहे. ताटलीवर कागदाचा कपटा ठेवा, ३३ वर लावा, तीन मिनिटांत किती फेरे होतात ते मोजा. बरोबर १०० व्हायला हवेत. ८३ च्या आसपास भरले तर पुली ६० हर्ट्झच्या देशातली आहे, आपली वीज ५० हर्ट्झची. पुली बदलावी लागेल, ती मिळणं कठीण. पाच-सहा फेऱ्यांचा फरक असेल तर पट्टा सैल पडला असेल किंवा मोटरवरचा छोटा स्क्रू फिरवून जमेल. पट्टा चिकट, डांबरासारखा झाला असला तरी चिंता नको. परीघ मोजून नवा मागवता येतो. खरं पाहायचं ते सुईचं डोकं. हेडशेलमध्ये (दांड्याच्या टोकाच्या खोबणीत) कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारी छोटी डबी, दोन स्क्रूंनी बसवलेलं असेल आणि स्क्रूंमध्ये साधारण १२.७ मिलिमीटर अंतर असेल, तर ते जगभर चालणारं माप आहे. जुनं कार्ट्रिज कोणत्याही बंद कंपनीचं असो, आज बनणारं नवं तिथे बसतं. कार्ट्रिज सुईच्या दांड्याशी एकजीव घडवलेलं असेल तर त्याच कंपनीच्या सुईवर तुम्ही अडकलात.

आणखी एक गोष्ट, जिच्यात पुष्कळ लोक फसतात. जुन्या भारतीय रेकॉर्ड प्लेअरमध्ये बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असायचं. त्याचा सिग्नल मोठा, ते ऑक्समध्ये लावतात. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा सिग्नल चार-पाच मिलिव्होल्ट, त्याला सान्सुईचं फोनोच हवं. उलटं लावलं की एकतर आवाज फाटतो नाहीतर ऐकूच येत नाही, आणि माणूस सेटला दोष देतो. वडिलांच्या रेकॉर्डीत ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या असतील तर त्यांना एलपीची सुई लावू नका. त्यांची चर रुंद असते, साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीच्या सुईच्या चौपट.

स्पीकरला मी जास्त वेळ देत नाही. जाळी काढा, कोनाच्या (आवाज काढणाऱ्या शंकूच्या) कडेला बोट लावा. फोमची कड असेल तर ती बोटाला चिकटून चुरा होईल, कापडाची किंवा रबराची असेल तर टिकलेली असेल. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अगदी हलका आत दाबा, खरखरला तर कॉइल घासते. मीटरवर आठ ओहमचा वूफर (जाड आवाजाचा मोठा स्पीकर) साधारण सहा-सात ओहम दाखवतो. दीड व्होल्टच्या सेलने टिचकी दिली की टकटक यायला हवी. वूफरचा कोन आणि कॉइल नागपूरला, अमरावतीला बदलून मिळतात. ट्विटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) मूळचा मिळणार नाही, एक गेला असेल तर दोन्ही बदलावे लागतील म्हणजे डावं-उजवं सारखं वाजेल. बॉक्सच्या बुडाला उधई लागली आहे का, भुश्याचा बोर्ड ओलीने फुगला आहे का, आणि मागच्या भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं आहे का, टॉर्चने पाहा. मी अशा घरांमुळे घुमणारे स्पीकर कितीदा तरी साफ केले आहेत.

मंडळाचा विचार मात्र मनातून काढा, ही माझी कळकळीची विनंती. हा सेट खोलीत बसून ऐकायचा आहे. मंडपात तासन्‌तास, उघड्यावर, जनरेटरच्या विजेवर, माइकसमोर खंजिरी कडाडते तेव्हा सिग्नल क्षणात अनेक पट उसळतो. घरचा अ‍ॅम्प्लिफायर तिथे आवाज कापायला लागतो आणि पहिला बळी ट्विटर. शिवाय भोंग्यांना १०० व्होल्टची लाइन लागते, ती या सेटला नाही, आणि माइकची सोयही नाही. मंडळासाठी चालू कंपनीचा, साधा, दणकट अ‍ॅम्प्लिफायर घ्या. अहुजासारखी दिल्लीची जुनी कंपनी अजून चालू आहे आणि तिचे सेट सुधारणारा माणूस जवळपास प्रत्येक तालुक्यात सापडतो. वर्गणीच्या पैशावर प्रयोग करू नये. वडिलांच्या आठवणीसाठी स्वतःच्या खिशातून करायला काही हरकत नाही.

भावाचं म्हणाल तर, तपासात सगळं नीट निघालं आणि सेट सुट्या ट्रान्झिस्टरचा असला तर मी तिन्हीला मिळून १४,००० ते १५,००० देईन आणि वरचे ५,००० कंडेन्सर, पट्टा, सुई आणि मजुरीसाठी बाजूला ठेवीन. बंद कंपनीची वस्तू घेताना हे बाजूला ठेवलेले पैसे किमतीचाच भाग धरा. तपासायची संधीच मिळाली नाही तर स्पीकरचे पैसे द्या आणि बाकीचं मोडीच्या भावाने मागा. आणि पुढेमागे त्याच मॉडेलचा मेलेला सेट कुठे स्वस्तात दिसला तर घेऊन माळ्यावर ठेवा. बटणं, सिलेक्टर स्विच, समोरची पट्टी, मीटरचा काटा, हे कुठल्याच दुकानात मिळत नाही. ते फक्त दुसऱ्या सेटमधूनच येतं.

घरी आणल्यावर सेट कापसाच्या गंजीच्या खोलीत किंवा तिच्या लगतच्या दारात ठेवू नका. तंतू झाकणाच्या भोकांतून आत ओढला जातो, हीट सिंकवर गादीसारखा बसतो, आणि तापलेल्या सेटजवळ सरकी-कापूस असणं हे वेगळंच भय. वर किमान वीतभर मोकळी जागा ठेवा, पण टॉवेल नको, भरतकामाचा रुमालही नको. दर्यापूरकडे संध्याकाळी व्होल्टेज किती पडतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे स्टॅबिलायझर लावा. आणि मृगाचे ढग दिसले की स्विच बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून बाहेर काढायची.

अमरावतीला सकाळी जा, उजेडात उघडता येईल. मीटरचं रीडिंग घेतलं की मला दोन्ही बाजूंचा आकडा वेगवेगळा कळवा, आणि आतला एक फोटो, ज्यात हीट सिंक पूर्ण दिसेल.